चौथा अपवाद

“दोन वाजता सुनावणी आहे,” सुहासिनीने गाडीची किल्ली टेबलावर ठेवत सांगितले. “जागेच्या मालकाच्या जप्तीचा बोजा घरावर आधी चढला, तर आपल्या कागदाचा उपयोग नाही.”

“वाचल्याशिवाय मी सही करत नाही,” राजाराम टिपणीस म्हणाले.

“ऋषीचा कागदही वाचला होतात.”

“वाचला होता. कागदात दोष नव्हता. ऋषीच्या धंद्यात होता.”

ऋषी हा त्यांचा पुतण्या. त्याने वूस्टरमध्ये उपाहारगृह काढले, तेव्हा दहा वर्षांच्या भाडेकराराला राजारामांनी वैयक्तिक हमी दिली. उपाहारगृह चौदा महिन्यांत बंद पडले. हमीची गोष्ट सुहासिनीला कळली ती जागेच्या मालकाने पाठवलेल्या नोटिशीतून. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन ती उपाय घेऊन आली: राहते घर ‘होमस्टेड’ म्हणून रजिस्ट्रीत जाहीर केले, की दहा लाख डॉलरपर्यंत ते घेणेकऱ्यांपासून सुरक्षित राहते.

श्रूजबरीचे हे घर त्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी घेतले. तेव्हाच्या व्हिसावर सुहासिनीला नोकरी करता येत नव्हती, म्हणून खरेदीखत एकट्या राजारामांच्या नावावर झाले. पुढे कर्ज दोघांच्या पगारांतून फिटले. खत तसेच राहिले.

राजारामांनी पेन्सिलीला टोक काढले आणि कायद्याचे कलम वाचायला घेतले. “या वाक्यात दोनदा ‘किंवा’ आहे. एक अनावश्यक आहे.”

“कायदा तुम्ही लिहिलेला नाही. पुढे चला.”

“अपवाद. एक, सरकारी कर. भरलेले आहेत. दोन, आधी नोंदलेला बोजा. दोन वाजेपर्यंत तरी नाही. तीन, घराचं कर्ज. फिटलं.” चौथ्या ओळीवर पेन्सिल क्षणभर थांबली. ते हसले. “हा इथल्या लोकांसाठी आहे. आपल्यात लागू पडत नाही.” त्यांनी पान उलटले.

सुहासिनी कप विसळत होती. “बरं,” ती म्हणाली.

“पत्नी म्हणून तुझं नाव लिहावं लागतं. सही मात्र मालकाचीच.”

“लिहा.”

बँकेतल्या नोटरीसमोर सही झाली. एक वाजून चाळीस मिनिटांनी रजिस्ट्रीच्या खिडकीत शिक्का पडला. सुहासिनीने प्रमाणित प्रत मागून घेतली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

“माझ्याकडे दे की.”

“नको. तुम्ही तिच्यावरही पेन्सिल चालवाल.”

परतताना राजाराम खुशीत होते. “आता येऊ दे कुणीही. या घराला हात लावून दाखवावा.”

“नक्की ना?” तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारले. “उद्या कुणी काही शंका काढली तर?”

“कोर्टात मी स्वतः उभा राहीन. ही नोंद पूर्णपणे कायदेशीर आहे, हे शपथेवर सांगेन.”

शुक्रवारी ती सांता क्लाराला निघाली, त्यांच्या मुलीकडे, अनयाकडे. दोन मोठ्या बॅगा उचलताना राजारामांची पाठ भरून आली.

“तीन आठवड्यांना एवढं सामान?”

“अनयाचे मसाले आहेत. तुमचे डबे फ्रीझरमध्ये ठेवलेत. तारखा लावल्यात, क्रमाने खा.”

जागेच्या मालकाशी राजाराम पुढचे दोन आठवडे लढले. त्यांनी त्याच्या वकिलाला अकरा पानी पत्र पाठवले. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला उपक्रमांक. अखेर वकिलानेच फोन केला. घर आमच्या आवाक्याबाहेर आहे, तो म्हणाला. उपाहारगृहाच्या भट्ट्या आणि फ्रीज विकून जे येईल, त्यावर माझे अशील दावा मिटवायला तयार आहेत. मंगळवारी तडजोडीवर सह्या झाल्या.

राजारामांनी लगेच सांता क्लाराला फोन लावला. “घर वाचलं.”

“सगळंच्या सगळं?”

“एक फळीसुद्धा हलली नाही. आता त्या माणसाचा घराशी काही संबंध नाही.”

“लेखी आहे ना ते?”

“सह्या झाल्यात. माझ्यासारखा माणूस तोंडी ठेवेल का?”

“मग झालं,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला मोकळेपणा त्यांना फार दिवसांनी ऐकू आला. नोटीस आल्यापासून बिचारी धास्तावली होती, असे त्यांना वाटले.

सोमवारी सकाळी न्यायालयाचे कागद बजावणारा कॉन्स्टेबल दारावर आला. जाड पाकीट राजारामांच्या हाती देऊन तो गेला. जागेच्या मालकाने तडजोडीतून माघार घेतलेली दिसते. हरकत नाही, बारावे पान लिहू. ते टेबलाशी बसले, पेन्सिल काढली आणि पाकीट फोडले.

वरच्या कागदावर कौटुंबिक न्यायालयाचा शिक्का होता. अर्जदार, सुहासिनी टिपणीस. मागणी, घटस्फोट आणि दरमहा पोटगी. खाली घराच्या नोंदीची प्रत होती, तिच्याखाली कायद्याचे ते ओळखीचे पान, आणि त्यावर फक्त चौथ्या अपवादाखाली पेन्सिलीची सरळ, बारीक रेघ: ‘न्यायालयाने पती किंवा पत्नीला मंजूर केलेल्या पोटगीच्या वसुलीपुढे हे संरक्षण चालणार नाही.’