सुजलेला पाय

फुप्फुसाच्या कॅन्सरने खंगलेल्या तिच्या नवऱ्याचा एक पाय भोपळ्यासारखा सुजला. आत रक्ताची गाठ आहे, पाय चोळू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. तिने ते थोरल्या नणंदेला दोनदा सांगितलं.

"स्वतःला करायला नको, म्हणून डॉक्टरांचं नाव!" नणंद फणकारली, आणि भावजय औषधं आणायला गेल्यावर तासभर भावाचा पाय तेल लावून रगडत बसली. संध्याकाळपर्यंत गाठ फुप्फुसात पोचली. त्याला श्वास पुरेना.

अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर कडाडले, "पायाला तेल कोणी चोळलं?"

नणंदेने हात पदराखाली लपवले. ते बघून भावजयीच्याच तोंडून निघून गेलं, "मी."

नणंदेने डोळे पुसले. "ऐकलंत ना, डॉक्टर? आता हिला त्याच्याजवळ फिरकू देऊ नका. मी बसते."