दाराच्या कडीपर्यंत

पक्षाघाताने सासूबाईंना अंथरुणाला खिळवलं होतं, पण स्वप्नात त्या चालायच्या. "पलंगावरून अशी टुणकन उतरते," त्या मुलाला कौतुकाने सांगायच्या, "दाराची कडी काढते, की थेट रस्त्यावर!"

डॉक्टर म्हणाले, पापण्यांखाली बुबुळं हलू लागली की स्वप्न सुरू झालं समजायचं. तेव्हा मात्र उठवू नका. मुलाने बायकोला बजावलं, "तेवढं एकच सुख उरलंय आईला. जरा लक्ष ठेव."

वीस वर्षं दुपारी सुनेची पाठ जमिनीला टेकली रे टेकली, की सासूबाई स्वयंपाकघरात भांडी आपटायच्या. तरी तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच ती त्यांच्या उशाशी जाऊन बसली. पापण्यांवरून नजर म्हणून हलवली नाही. दारातून डोकावलेली शेजारीण हळूच म्हणाली, "सून असावी तर अशी!"

थोड्या वेळाने बुबुळं हलू लागली. सासूबाईंच्या ओठांवर हसू फुटलं.

सुनेने त्यांना पलंगापासून दारापर्यंत निवांत चालू दिलं, कडीला हात लागेल एवढा वेळ आणखी थांबली, आणि मग मांडीवरचं पातेलं फरशीवर आपटलं.