गिरिधरची फिल्म

पडद्यावर गिरिधरचे हात आले आणि चौकातली माणसं गप्प झाली.

दोन बांबूंना ताणून बांधलेल्या चादरीवर ते हात माणसाएवढे दिसत होते. धोटा इकडून तिकडे गेला, फणीचा ठोका पडला, लुगड्याच्या काठावर चिंचेचं एक पान उमटलं. मग दुसरं. हा काठ साऱ्या कोष्टीपुऱ्यात एकट्या गिरिधरला सुचला होता आणि विणता येत होता तोही त्यालाच. रेडिओवर बातम्या सांगतात तसला एक भारदस्त आवाज म्हणाला, "नागपूरच्या या कलावंताच्या बोटांत जादू आहे."

"ऐकलं का गा, जादूगर?" मागून कुणी तरी ओरडलं. हशा झाला.

खरा गिरिधर सतरंजीवर पहिल्याच रांगेत बसला होता. विणकर सोसायटीचे सेक्रेटरी वामनराव स्वतः त्याला घरून घेऊन आले होते. "तुहीच फिल्म, अन् तूच नाही? सरकारची सिनेमाची गाडी काय रोज येते?" त्याची बायको उत्तरा नको म्हणत होती. मागावर लुगडं होतं, वीतभर विणायचं राहिलं होतं आणि सकाळी ते सोसायटीत द्यायचं होतं. याआधीची लुगडी त्यानं अशीच पुरी होत आली असताना उकलून टाकली होती. पान चुकलं, म्हणाला. कोणतं पान, ते कुणालाच दिसलं नव्हतं. हेही उकललं तर सोसायटीच्या कर्जातून घेतलेला माग उचलून नेऊ, असं वामनरावांनी चार माणसांत सांगून ठेवलं होतं. उचलून कुठे न्यायचा, तेही ठरलं होतं. त्यांच्या मेहुण्याकडे.

उत्तरा बायकांच्या बाजूला बसली होती. मांडीवर पोरगी. ती पडद्याकडे पाहतच नव्हती, नवऱ्याच्या मानेकडे पाहत होती. त्याचं बिनसायला लागलं की आधी मान ताठ व्हायची. आत्ता सैल होती. फिल्ममधल्या ठोक्याबरोबर तो गुडघ्यावर बोटं वाजवत होता. वीतभरच तर आहे, तिनं स्वतःला समजावलं. घरी गेल्यावर एका बैठकीत होईल.

तेवढ्यात फिल्म अडकली. ऑपरेटर बाबूलालनं घाईघाईत मशीनचा खटका ओढला, तो भलतीकडे, आणि सगळं उलटं चालू झालं. उमटलेलं पान पुसलं गेलं. कापडातला धागा निघून धोट्यात शिरला. भारदस्त आवाज बोबडा बोलायला लागला. पोरं त्याची नक्कल करत एकमेकांच्या अंगावर पडली.

"गलती हो गई, साहब," म्हणत बाबूलालनं खटक्याला हात घातला.

"राहू द्या ना, बाबूलालजी," वामनराव म्हणाले. ते हसत नव्हते. "हे तं गिरिधरचं आवडतं काम आहे. चालू द्या तसंच."

सगळ्या चौकाला ते पटलं. टाळ्या पडल्या. "उलटं! उलटं!"

शेजारच्या तुळजाबाईंनी उत्तराला कोपरानं ढोसलं. "पाह्य वं, तुहा नवरा घरी असाच करते ना?"

"मावशी, ते बंद कराले सांगा ना कोणी."

"काहून? लोकायले मजा येऊन राहिली."

गिरिधरची मान ताठ झाली होती.

"अवो," उत्तरानं हाक मारली. मग मोठ्यानं, "अवो, इकडे पाहा!" एवढ्या गलक्यात ते कुठे ऐकू जाणार. तो गुडघ्यांवर उठून बसला होता आणि तोंड किंचित उघडं होतं. चादरीवरचे त्याचे हात एकेक धागा काढून घेत होते, न ओढता, न थांबता.

"एकबी गाठ नाही पडली," तो म्हणाला. "एक धागा नाही तुटला. पाह्यलं का वामनरावजी? कसं साफ निघून राहिलं."

"निघन ना. हात कोणाचे आहेत?" वामनराव म्हणाले.

गिरिधर उठला. वामनरावांनी त्याला जायला वाट मिळावी म्हणून आपले गुडघे जवळ घेतले. मागच्या रांगाही सरकल्या. "चालला गा जादूगर!" कुणी म्हणालं, आणि कुणी त्याच्या पाठीवर थापही मारली.

तो दिसेनासा झाल्यावर वामनराव मागे वळले. "आता सरळ लावा, बाबूलालजी. लोकायले चांगली फिल्म पाहू द्या."

उत्तरा उठायला लागली, तर पदर तुळजाबाईंच्या मांडीखाली अडकलेला. "बैस नं वं. आता तू येशील फिल्ममधी, धोट्याच्या कांड्यायवर सूत भरतानी." पोरगी झोपेनं जड झाली होती. गल्लीच्या टोकाला त्यांच्या घरात कंदील पेटला. खिडकीतून दिसणारा उजेड सरकत मागापाशी गेला आणि तिथं थांबला.

तिनं पदर ओढून घेतला, पोरगी खांद्यावर टाकली आणि बायकांच्या पायांवरून, हातांवरून चालायला लागली. बाहेर पडायला मशीनसमोरची तेवढीच वाट मोकळी होती. ती तिथून धावली. पडद्यावर गिरिधर मान वर करून हसत होता. तिची आणि पोरीची सावली त्याच्या तोंडावर पडली.

"बाजूला हो वं!" चारी बाजूंनी लोक ओरडले. "खाली बैस! गिरिधर दिसून नाही राहिला!"