बिपिनचा बेस

"बेस गिटारचा ट्रॅक म्यूट का आहे?" साउंड इंजिनिअर मुलीने विचारलं. आम्ही तिघं छताकडे पाहू लागलो. आमचा जुना अल्बम ती नव्याने मिक्स करत होती.

आमच्या बँडचा बेस गिटारवाला बिपिन मागेच सोफ्यावर होता. तो भिकार वाजवायचा, पण सराव त्याच्याच गॅरेजमध्ये चालायचा. म्हणून प्रत्येक अल्बममध्ये आम्ही त्याचा ट्रॅक न ऐकताच बंद केला आणि बेस गुपचूप कीबोर्डवर वाजवला. इतक्या वर्षांची मैत्री आता संपणार होती.

"लाव की," बिपिन म्हणाला.

तिने आवाज पूर्ण वाढवला. ट्रॅकमध्ये काहीच नव्हतं.

"मी वायर जोडलीच नव्हती. तुमच्या त्या बेसूर गाण्यांत आपला पुरावा कशाला ठेवायचा?" बिपिन हसला. "आणि दर टेकनंतर तुम्ही ओरडायचात, 'बिप्या, काय वाजवलंस लेका!'"