दोन्ही बटणं एकदम

दुसरं कडवं संपत आलं आणि थोरल्याच्या कानावरच्या हेडफोनमधला गिटारचा आवाज गेला.

दुपारच्या जेवणाआधीचा कार्यक्रम होता. कुठल्याशा कंपनीचा मोठा साहेब निवृत्त होत होता. हॉल भरलेला, धाकटा भाऊ माइकवर रंगात आलेला, आणि आता चार ठोक्यांवर थोरल्याचा एकट्याचा गिटारचा तुकडा येऊन ठेपला होता.

थोरल्याला वाटलं, आपणच शेण खाल्लं. पायाशी तो वीतभर डबा होता. सगळे इफेक्ट एकात, वर दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली गेली की डबा तारा सुरात लावायला बसतो आणि आवाज बंद करतो. आजारपणानंतर पाय जड झालेला, त्यामुळे ही चूक रोजचीच. कीबोर्डवाला म्हणायचाही, "दादा, बटण दाबायचंय, द्राक्षं नाही तुडवायची."

त्याने खाली वाकून पाहिलं. डबा जागेवर होता. पडद्यावर चौदा नंबर, म्हणजे दोन्ही बटणं दाबली गेली नव्हती. शेजारी पांढऱ्या पट्टीवर त्याच्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं : '१४ – रडायचं'. या नंबरवर सूर लांबत जायचा आणि दोन अधू बोटांचा उशीर झाकून टाकायचा. तरी वरचा शेवटचा सूर कधी वेळेवर सापडला नव्हता. तीन महिने रोज सकाळी बोटं कोमट पाण्यात बुडवून तो तासभर तेवढ्या एका सुरासाठी बसत होता. आज सकाळी तो सापडला. बायकोलाही सांगितलं नव्हतं त्याने. म्हटलं, पहिल्यांदा हॉलमध्येच वाजू दे.

त्याने हेडफोन मानेवर ओढला.

आणि त्याचा तुकडा सुरू झाला. कीबोर्डवर. गिटारच्याच आवाजात, त्याच्याच घसरणीसकट.

कीबोर्डवाला गडबडलेला नव्हता. त्याचं लक्षही नव्हतं इकडे. वेळ मारून नेणाऱ्या माणसाचे हात असे पडत नाहीत. हे हात रोजच्या रस्त्याने घरी चालले होते.

थोरल्याची बोटं तारांवर धावतच राहिली, सवयीने. अनामिका वरच्या सुरावर पोचली. अगदी वेळेवर. पत्र्यावर नख ओढावं तेवढा आवाज झाला. तो त्याने एकट्याने ऐकला.

"गिटारवर, आमचे दादा!" धाकटा माइकवरून ओरडला. टाळ्या पडल्या.

हेडफोनची पिन निसटून बुटाशी पडली होती. तिच्या शेजारी डब्यातून काळी वायर निघत होती. डब्याचा आवाज हॉलभर नेणारी. थोरल्याने पहिल्यांदाच तिचा माग काढला. सतरंजीखालून गेली, स्पीकरच्या मागे बाहेर आली आणि तिथेच संपली. छान गोल गुंडाळी करून, वर चिकटपट्टी लावून ठेवलेली. विसरलेली वायर अशी नसते. अशी वायर कोणीतरी खाली बसून, विचार करून, प्रेमाने बांधतं. थुंकावं असल्या प्रेमावर.

मध्यंतर झाल्यावर धाकटा दोन कप चहा घेऊन आला. मानेवर टॉवेल, तोंडभर हसू.

"दादा, आज फाडलंस! मागच्या रांगेतला म्हातारा उभा राहिला, बघितलंस ना?"

"बघितलं. बस."

"अरे, आधी चहा तर..."

"बस म्हणतो ना."

धाकटा खुर्चीच्या काठावर टेकला. थोरल्याने पिन उचलून डब्यात खुपसली, हेडफोन मानेवरून काढला आणि त्याच्या डोक्यावर चढवला. लहानपणी शाळेत जाताना कानटोपी चढवायचा तसा, दोन्ही कान नीट झाकून.

"हे काय आता? मी ऐकलंय की रे."

"आज जवळून ऐक."

कीबोर्डवाल्याने दोघांकडे पाहिलं, सिगरेटचं पाकीट शोधलं आणि खालमानेने बाहेर गेला.

थोरल्याने जड पाय उचलून डब्यावर ठेवला. दोन्ही बटणं एकदम. या वेळी चुकून नाही. मग त्याने गिटारच्या सगळ्यात जाड तारेला बोट मारलं.

धाकटा वाट पाहत राहिला. कान झाकलेला माणूस बोलतो तसा मोठ्याने म्हणाला, "काहीच ऐकू येत नाही, दादा!"

पलीकडे साऊंडवाला दचकून वळला.

"मलाही आजच कळलं," थोरला म्हणाला.

धाकट्याचं हसू एकदम गेलं नाही. ओठांवर तसंच राहिलं, डोळे मात्र स्पीकरच्या मागे जाऊन आले.

"तुझी बोटं... दादा, लोक हसले असते रे. मला नसतं बघवलं."

"हसले असते. ऐकून हसले असते ना?"

धाकट्याने हेडफोन काढला नाही. त्याची नजर डब्यावर खिळली होती.

थोरल्याने पुन्हा तीच तार छेडली. डब्याच्या चिमुकल्या पडद्यावर खुणा डावीकडून उजवीकडे सरकल्या, थरथरल्या आणि मधोमध हिरवा दिवा लागला. सूर अगदी बरोबर होता.