सलग पुरावा

खेळताना गाडी वळणावरून सुळकन गेली होती. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तीच गाडी त्याच वळणावर आचके देत होती, जणू मागून कुणी टपल्या मारतंय.

रेवाने हेडफोन काढून टेबलावर आपटला. संध्याकाळपर्यंत सलग रेकॉर्डिंग गेलं नाही, तर ऑनलाइन कार रेसिंगच्या राज्य स्पर्धेतून तिचं नाव कटणार होतं. दुसऱ्या क्रमांकावरच्या इंद्रजीतने तक्रार केली होती. व्हिडिओ जिथे आचका देतो, तिथे तो कापून जोडलाय. सबब रेवाची पहिल्या क्रमांकाची वेळ खोटी. आयोजकांना हे पटलं होतं. स्वतःहून माघार घेतलीत तर प्रकरण इथेच मिटवू, असंही त्यांनी मोठ्या मनाने कळवलं होतं.

"घे की माघार," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मिटवतायत ना ते?"

"मी काही कापलेलंच नाही. मिटवायचं काय त्यात?"

मग करंजाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारभर शस्त्रक्रिया चालली. रेवाने गेमच्या फ्रेम्सना लगाम घातला. रेकॉर्डिंगचा दर्जा उतरवला. सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार दिले. कॉम्प्युटर केबलवर होता, तरी घरातलं वायफाय बंद केलं. त्याचा या दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता, पण कुणाला तरी शिक्षा होणं गरजेचं होतं. शेवटी कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. दर खेपेला तिची लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, तितकीच वेगात व्हायची. दर खेपेला रेकॉर्डिंग आचके द्यायचं.

मधूनच बाबा दारात येऊन उभे राहायचे. कृष्णकांत एका सरकारी खात्याच्या दक्षता विभागातून निवृत्त झाले होते. घरातही ते इस्त्रीचा शर्ट घालत आणि बायकोने साखर आणली तरी पिशवीचं सील तपासत.

"अजून गाड्याच का?" ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता समाधानाने निघून जायचे.

रेवाने कोन गावच्या परेशला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानेच जुळवून दिला होता.

"पर्‍या, ग्राफिक्स कार्डाने मान टाकली वाटतं. नवीन घ्यावं लागणार."

"काय बोलतं! कार्ड ठणठणीत हाय," परेश दुखावला. "रेकॉर्डिंगची फाइल बनवायला त्याच्यात येगळा भाग हाय. एक काम दिलास ना, तर तो झोपेत पन करील."

"मग आचके कसले?"

"दोन कामं दिली असतील त्याला."

"दुसरं कोण देणार? इथे मी एकटीच बसते."

पलीकडे परेशने आवाज खाली आणला.

"मी बोलू नाय शकत, रेवाताय," तो म्हणाला. "काकांनी गणपतीची शपथ घातलीय."

रेवाने फोन ठेवला. गेम बंद केला, स्वतःचं रेकॉर्डिंग बंद केलं आणि टास्क मॅनेजर उघडला. कार्डाचा तो वेगळा भाग तरीही घाम गाळत होता. तिने माग काढला. मागच्या मागे आणखी एक रेकॉर्डर लपून चालला होता. कॉम्प्युटरबरोबर उठायचा, कॉम्प्युटरबरोबर झोपायचा आणि मधल्या वेळात तिच्या स्क्रीनवर जे काही दिसेल ते साठवून ठेवायचा. तो आधी सुरू व्हायचा म्हणून कार्ड आधी त्याची चाकरी करायचं, मग उरलेल्या दमात हिची.

"बाबा!"

"होय, माझाच आहे," बाबा दारातूनच म्हणाले. आवाजात तसूभर ओशाळलेपण नव्हतं. "येत्या रविवारी नेऱ्याला आत्याकडे सगळे जमतायत. चांगली नोकरी सोडून मुलगी दिवसभर करते काय, हे मी तोंडी सांगून थकलो. सगळे म्हणतात, कॉम्प्युटरवर बसलीय म्हणजे कामच करत असेल. आता पडद्यावर दाखवतो."

"आणि आई, तुला हे माहीत होतं?"

"रोज संध्याकाळी साक्षीदार म्हणून सही कर म्हणायचे, करायचे मी," आई म्हणाली. "गॅसवर दूध असायचं."

रेवाने माउसकडे हात नेला.

"डिलीट करून उपयोग नाही," बाबा म्हणाले. "दुसरी प्रत पेनड्राइव्हवर आहे. सीलबंद."

"डिलीट कोण करतंय? मला सगळं पाहिजे."

बाबांच्या दक्षता विभागातल्या हयातीत कुठल्याही आरोपीने असं म्हटलं नव्हतं. ते जरा गोंधळले.

ज्या लॅपवर तक्रार झाली होती, त्या दिवसाची फाइल रेवाने उघडली. ती लॅप त्यात होती. पहिल्या वळणापासून शेवटच्या रेषेपर्यंत, एकही आचका नाही. त्याआधी हुकलेल्या साऱ्या लॅप्सही होत्या आणि दोन लॅप्सच्या मध्ये तिने ऑनलाइन पाहिलेल्या चपलाही. तिने अख्खा दिवस जसाच्या तसा आयोजकांना पाठवून दिला. चपलांसकट.

थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, हे रेकॉर्डिंग तुमच्या घरच्यांनीच केलंय म्हणता," पलीकडचे गृहस्थ गोड आवाजात म्हणाले. "घरचं माणूस घरच्यांसाठी थोडं इकडेतिकडे करतंच. यात काटछाट झाली नाही, हे आम्ही कशावरून मानायचं? त्यापेक्षा माघार—"

बाबांचा चेहरा लाल झाला. आजवर त्यांना खडूस म्हटलं होतं, आतल्या गाठीचे म्हटलं होतं, सख्ख्या मेव्हण्याने तर लग्नाच्या पंगतीत कसाई म्हटलं होतं. पण त्यांच्या पुराव्याला खोटं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी रेवाच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मी मुलीचा बाप बोलतोय. पोरगी दिवसभर वाया जाते हे सिद्ध करायला मी हे रेकॉर्डिंग केलंय. यातला एक सेकंद जरी कापला असता, तर ती तेवढी कमी वाया गेलेली दिसली असती. मला ते परवडलं असतं का, साहेब?"