गुन्ह्याची नोंद नाही

"खटल्याचा नंबर?" खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं.

"नंबर असता तर चौथा हेलपाटा कशाला घातला असता?" शिवणकाम करणारी बाई फणकारली. गेल्या खेपेला तिच्याकडे वर्ष नव्हतं, त्याआधी अर्जावर लावायचं कोर्ट फीचं तिकीट नव्हतं, आणि पहिल्या दिवशी तर तिला चुकीच्याच खिडकीसमोर दोन तास उभं केलं होतं. डोकं नुसतं भणभणत होतं. "नाव आहे, जन्मतारीख आहे, वर्षही आणलंय अंदाजे. आता काय त्यालाच बखोटीला धरून आणू?"

कारकुनाला हसू आलं. "मावशी, चिडू नका. हा अर्ज भरा आणि खाली सही करा."

तिने सही केली. सहीखाली सवयीने लांबलचक रेघ ओढली आणि टोकाला ठिपका दिला.

"सही करताय की शिवण घालताय?"

"तुम्ही तुमचं काम बघा."

शुक्रवारी तिच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न नोंदवायचं होतं. मुलगा दाढी राखलेला, देखणा, बोलायला गोड, नोकरीही बरी. पण त्याचं आधी एक लग्न मोडलं होतं, आणि का मोडलं असं विचारलं की तो विषय बदलायचा. एकदा त्याच्या शर्टावर चहा सांडला, तेव्हा त्याने लेकीचं मनगट असं काही धरलं की दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता.

लेक ऐकेल तर शपथ! तिने एका कंपनीकडून त्याची तपासणी करून घेतली होती आणि तो कागद आईच्या नाकासमोर नाचवला होता. त्यावर लिहिलं होतं, 'गुन्ह्याची नोंद नाही.'

"बघ! आणि तुला गं कधीपासून कागदांचा एवढा पुळका? सरकारी पाकीट आलं की न फोडता कपाटावर फेकणारी तू!"

ते मात्र खरं होतं. बेकरीवरची जुनी खोली सोडताना तसल्या बंद पाकिटांचा गठ्ठाच रद्दीत गेला होता. एकटी बाई, पदरात पोर. पाकीट फोडलं की कटकट मागे लागते, एवढंच तिला ठाऊक होतं.

शेवटी लेकीने निर्वाणीचं सांगितलं होतं, "कोर्टाचा कागद आण. त्यात तो दोषी निघाला तर मी लग्न मोडते. नाहीतर यापुढे एक अक्षर बोलायचं नाही."

बाईने कंपनीचा कागद खिडकीतून आत सरकवला. कारकुनाने त्यावरून नजर फिरवली.

"यात फक्त शिक्षा झालेलेच येतात, मावशी. खटला चालला आणि माणूस सुटला, तर इथे काहीच दिसत नाही. त्यासाठी मूळ फाइल बघावी लागते."

"मग काढा ना!"

"तळघरात आहे. आता जेवणाच्या सुट्टीनंतर."

तिने कपाळावर हात मारला. "आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते मी. तेच बरं होतं!"

तीन वाजता तो धूळ झटकत फाइल घेऊन आला.

"सापडली. आठ वर्षांपूर्वीची. बायकोला मारहाण. बरगडी मोडली होती तिची."

"बघा! मी ओरडून ओरडून सांगत होते!" तिला एकदम रडूच फुटलं. "द्या, नक्कल द्या मला."

"निकाल तर ऐका. निर्दोष."

"बरगडी मोडूनसुद्धा?"

"बायकोने घाबरून जबाब फिरवला. रात्री खिडकीतून, लांबून मारताना बघणारी एकच साक्षीदार होती, समोरच्या इमारतीतली. तिने पोलिसांना सगळं सांगितलं, पण कोर्टात आलीच नाही. तीनदा समन्स गेलं, तरी नाही. मग कोर्ट तरी काय करणार?"

बाईचा नुसता तिळपापड झाला. मागच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"तीनदा? आणि मेलीला एक दिवस काढता आला नाही? उभं राहून दोन शब्द बोलायचे होते फक्त! आता मी पोरीला काय दाखवू, हा निर्दोषचा कागद? माझ्या पोरीच्या जिवावर उठली ही बाई! कोण आहे ही महामाया? पत्ता द्या मला. घरी जाऊन जाब विचारते तिला."

कारकुनाने पानं उलटली. साक्षीदाराच्या जबाबाशी तो थांबला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग सकाळचा अर्ज शोधून काढला. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून खिडकीतून बाहेर सरकवले.

दोन्ही सह्यांखाली तीच लांबलचक रेघ होती, आणि टोकाला ठिपका.